खडपावरचे ओरखडे

तांबडा बोया आला तसं उमेशदादानं इंजिन बंद केलं. बोट लाटांवर हलत उभी राहिली. समोर पाकोळखडप. समुद्रातून वर आलेले तीन काळे सुळके, मधल्याच्या पोटात गुहा आणि तिच्या तोंडाशी पाकोळ्यांची ये-जा. इतक्या लांबून त्या पाखरांसारख्या दिसतही नव्हत्या. काळे ठिपके आत जात होते, बाहेर येत होते, एवढंच.

"इथंच थांबायचं?" लेलेंनी विचारलं.

"इथंच," मी म्हणाले. "होळीपासून पावसाळ्यापर्यंत बोयाच्या पुढे कुणाचीही बोट जात नाही. आत घरट्यांत पिल्लं असतात. माणूस जवळ आला की मोठी पाखरं बिथरतात आणि पिल्लं उपाशी राहतात."

हा नियम मीच लिहिला होता. आमच्या कारवणे गावात सात बायकांचा गट होता. खाडीतली तिवरं दाखवायची, घरचं जेवण घालायचं आणि शेवटी बोटीनं पाकोळखडपाकडे न्यायचं, असा आमचा पाहुण्यांसाठीचा दिवसाचा कार्यक्रम. तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकलेली गटात मी एकटीच, म्हणून बोलायचं काम माझ्याकडे. बोट माझ्या मोठ्या भावाची, उमेशदादाची. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली.

लेले पुण्याच्या एका सहल कंपनीतून आले होते. बरोबर त्यांची बायको आणि ऑफिसातली दोन माणसं. जागा पसंत पडली तर दिवाळीपासून दर आठवड्याला ते एक गट कारवण्याला पाठवणार होते. गावाला त्याची किती गरज होती हे त्यांना सांगून कळलं नसतं. बाहेरचे मोठे ट्रॉलर दिवे लावून किनाऱ्यापर्यंतचा मासा उपसून नेत होते. आमची माणसं जाळं ओढायची तर त्यात शेवाळ आणि प्लास्टिक यायचं. निम्म्या घरांतले पुरुष गोव्याला दुसऱ्यांच्या बोटींवर खलाशी म्हणून गेले होते.

लेले बराच वेळ दुर्बिणीतून बघत राहिले. मग दुर्बीण खाली ठेवून म्हणाले, "मी तुम्हाला आग्रह करणार नाही. नियम चांगला आहे. पण खरं सांगू का दर्शनाताई, इथून ठिपके दिसतात. ठिपके बघायला पुण्याहून कोणी येणार नाही."

त्यांनी बोटानं गुहेकडे दाखवलं.

"गुहा मी स्वतः पाहिली, तर तिच्याबद्दल चार ओळी तरी मनापासून लिहू शकेन. पुढचे गट बोयापाशीच थांबतील, तो शब्द माझा."

उमेशदादा माझ्याकडे बघत होता. तो हळूच म्हणाला, "जावया गो. ओहोटी आसा. पाच मिन्टां. बुधाकाकापण आज घरात आसत, तापान पडलेहत."

बुधाजी खवणेकर म्हणजे खडपाचे राखणदार. वय साठीच्या पुढचं, अंगानं काटकुळे, पण कातळावर चढायला लागले की तरुण माणूस मागे पडे. त्याच्या वीस वर्षं आधी ते याच गुहेत चोरी करत. पाकोळीचं घरटं तिच्या लाळेचं असतं, पांढरं, वाळून कागदासारखं झालेलं. परदेशात त्याचं सूप करतात म्हणून त्याला मोठा भाव. व्यापारी यायचे आणि बुधाकाका बांबूच्या टोकाला लोखंडी पातं बांधून गुहेच्या छतावरची घरटी उतरवून द्यायचे. एकदा पकडले गेले, चार महिने तुरुंगात राहिले. सुटून आल्यावर पाखरांचा अभ्यास करणारे एक सर गावात आले होते. गुहा माहीत असलेला माणूस त्यांना हवा होता. बुधाकाका त्यांच्याबरोबर घरटी मोजायला जाऊ लागले आणि मग तेच काम त्यांना लागलं. वनखात्यानं त्यांना राखणदार म्हणून नेमलं, गुहेच्या तोंडाला पाखरं येऊ-जाऊ शकतील अशी लोखंडी जाळी बसवली, तिला दार आणि दाराला कुलूप. दर पंधरा दिवसांनी ते एकटे आत जाऊन घरटी मोजून येत. मला पाखरांचं जे काही कळतं ते पुस्तकापेक्षा जास्त त्यांच्याकडून शिकलेलं. पाहुणे आले की मीच त्यांना त्यांचं जुनं पातं घेऊन बोलवायची. ते पातं दाखवून चोरी कशी करायचे ते सांगत, अजिबात न लाजता, आणि पाहुण्यांना ते फार आवडे.

कुलपाच्या किल्ल्या दोनच होत्या. एक त्यांच्याकडे आणि एक गटाची म्हणून माझ्याकडे.

"पाच मिनिटं," मी लेलेंना म्हणाले. "कोणी बोलायचं नाही. फ्लॅश नाही."

माणसं खरोखरच चांगली होती. बोटीतून कातळावर उतरून, दार उघडून आत गेल्यावर कोणी खोकलंसुद्धा नाही. गुहेत अर्धवट अंधार होता आणि पाकोळ्या अंधारात वाट शोधताना करतात तो टकटक आवाज चारी बाजूंनी येत होता, शेकडो माणसांनी एकाच वेळी जिभेनं टाळूवर आवाज करावा तसा. डोळे सरावले तेव्हा छताजवळच्या कपारींतल्या घरट्यांच्या रांगा दिसायला लागल्या. पांढऱ्या वाट्याच जणू कातळाला चिकटवलेल्या. एकेका वाटीतून दोन-दोन चोची वर येत होत्या. लेलेंच्या बायकोनं तोंडावर हात धरला होता आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला त्या क्षणी बरं वाटलं, हे मला कबूल करायला हवं. वाटलं, हे बघितलेला माणूस आयुष्यात कधी या पाखरांच्या वाईटावर उठणार नाही.

बाहेर आल्यावर लेलेंनी पिशवीतून एक लहानसं ड्रोन काढलं. मी तोवर ड्रोन जवळून पाहिलेलं नव्हतं.

"फक्त बाहेरून," ते म्हणाले. "गुहेचं तोंड आणि मागे समुद्र, एवढाच एक शॉट."

"आत नको," मी म्हणाले.

"आत नाहीच."

ते त्यांनी बाहेरच उडवलं. त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. पण पश्चिमेचा वारा त्या सुळक्यांच्या मध्ये शिरला की कसा फिरतो ते आम्हाला माहीत, त्यांना नाही. ड्रोन एकदा डगमगलं, त्यांनी हातातल्या यंत्राशी खटपट केली आणि पुढच्या क्षणी ते उघड्या दारातून आत गेलं.

आधी पाती कातळावर घासल्याचा आवाज आला आणि मग पाकोळ्या बाहेर पडल्या. एवढ्या की दाराशी उभ्या असलेल्या माणसांनी डोकी खाली घातली. काही जाळीवर आपटून पाण्यात पडल्या. मी आत धावले. ड्रोन वरच्या कपारीत, घरट्यांच्या रांगेच्या मागे अडकलं होतं आणि अजून घरघरत होतं. मग ते थांबलं.

"राहू दे," लेले म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "गेलं तर गेलं."

पण ते तिथं राहून चालणार नव्हतं. तीन दिवसांनी बुधाकाकांची मोजणीची पाळी होती. ते वर बघणार आणि त्यांना ते दिसणार. मी दुसरा कसलाच विचार केला नाही, एवढाच केला.

मी उमेशदादाकडून बोटीतला बांबू मागून घेतला. त्याच्या टोकाला दोर ओढायची लोखंडी आकडी होती. मी बांबू वर नेला आणि आकडी ड्रोनच्या मागे घालून ओढायला लागले. ते निघेना. आकडी सुटायची, कातळावरून घसरायची, मी पुन्हा लावायची. प्रत्येक वेळी काहीतरी खाली पडत होतं. माझ्या हातावर, केसांवर पडत होतं आणि मी वर बघत ओढत होते. शेवटी ड्रोन खाली आलं. मग मी पायांकडे बघितलं.

पाण्यावर पांढरे तुकडे तरंगत होते. मधे मधे पिल्लं होती, पिसं न आलेली, अंगठ्याएवढी. काही अजून तोंड उघडत होती. आत येणाऱ्या लाटेनं ती भिंतीला लागत होती आणि परत जाणाऱ्या लाटेबरोबर बाहेर जात होती.

"त्यांना परत वर नाही का ठेवता येणार?" लेलेंच्या बायकोनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

किनाऱ्यावर उतरताना लेलेंनी माझे दोन्ही हात धरले. म्हणाले, "मला फार वाईट वाटतंय. हे आपल्यातच राहू दे. आम्ही इथं गट पाठवूच आणि माझ्या माणसांकडून तुमचे सगळे नियम पाळून घेईन." त्यांनी तो शब्द पाळला, हेही सांगायला हवं.

तीन दिवसांनी दुपारी बुधाकाका माझ्या अंगणात आले. ताप नुकताच उतरला होता. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पाय गुडघ्यापर्यंत ओले. मी कोकमाची सोलं वाळत घालत होते.

"एकतीस घरटी गेली, बाय," ते म्हणाले.

मी हातातलं सुपडं खाली ठेवलं.

"खरवडल्यानी. बांबूक आकडी लावन. कातळार ओरखडे उठलेहत." मग जरा थांबून ते म्हणाले, "कुलूप तसाच आसा. मोडूक नाय."

ते माझ्याकडे बघत नव्हते. माडांच्या पलीकडे, समुद्राकडे बघत होते. मी काहीतरी बोलावं म्हणून ते उभे होते. हे मला तेव्हाही कळलं होतं. आता कळतंय असं म्हणून मी पळवाट काढणार नाही.

"कोणी केलं असेल?" मी विचारलं.

त्यांनी डोक्याचा टॉवेल सोडून खांद्यावर टाकला.

"मी फॉरेस्टात कळवूक जातंय," ते शेवटी म्हणाले आणि तशाच ओल्या पायांनी एसटीच्या थांब्याकडे गेले.

मी उमेशदादाच्या घरी गेले. तो जाळं दुरुस्त करत बसला होता. मी म्हटलं, आपण सांगून टाकू. तो जाळ्यातून नजर न काढता म्हणाला, "सांग. मगे काय होतला ता माका सांग."

"काय होणार?"

"खडपाकडची वाट बंद करतीत. एक वर्स नाय, दोन वर्सां नाय, कायमची. तुझे लेले येवचे नाय. तुझ्या गटातल्या सात घरांनी काय करूचा? आणि मगे गावातलो एक तरी माणूस त्या पाखरांका आपला म्हणात? आता म्हणतत, कारण त्येंच्यावर पोट भरूचा आसा."

हे वाक्य त्याचं नव्हतं. गटाच्या पहिल्या बैठकीत मीच ते बोलले होते. गावाचं पोट पाखरांवर अवलंबून असेल तरच गाव पाखरांना जपेल. माझा त्यावर विश्वास होता. अजूनही ते पूर्ण खोटं आहे असं मला वाटत नाही.

"पण बुधाकाकांवर आलं तर?" मी विचारलं.

"त्येंच्यावर कसा येतला? त्येनीच तर कळवल्यानी."

मला ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं.

दुसऱ्या दिवशी खात्याचे चौगुले साहेब आले. दोन माणसांना घेऊन खडपावर जाऊन आले आणि मग जेटीजवळच्या आमच्या गटाच्या शेडमध्ये बसले. गावातली वीस-पंचवीस माणसं भोवती उभी होती. बुधाकाका साहेबांच्या समोर, हात मागे बांधून.

"किल्ल्या किती?" साहेबांनी विचारलं.

"दोन. एक माझ्याकडे, एक ह्या बायकडे."

"तुमची किल्ली कुणाला दिली होती?"

"कोणाक नाय. तापान घरात होतंय. चावी गळ्यातच होती."

"घरात होतात हे कोण सांगेल?"

"घरात मी एकटोच आसंय साहेब."

साहेब माझ्याकडे वळले. बोलायला सभ्य माणूस. मला त्यांनी बसायला खुर्ची दिली होती. "ताई, तुमची किल्ली?"

"घरीच होती," मी म्हणाले.

"होळीनंतर तुम्ही गुहेकडे गेला होता?"

बुधाकाका माझ्याकडे बघत होते. रागानं नाही, विनवणीनंही नाही. मोजायला शिकवताना मला बरोबर नेत तेव्हा त्यांनी बोटानं एखादं घरटं दाखवावं, माझ्याकडून आकडा यायची वाट बघावी, तसे.

"नाही," मी म्हणाले. "आमच्या बोटी बोयापर्यंतच जातात."

साहेबांनी लिहून घेतलं. तेवढ्यात बुधाकाका पुढे झाले.

"साहेब, मी एक सांगतंय. ह्या चोराचा काम नाय. चोर घरटा मोडणा नाय. मोडलेला घरटा कोण घेणा नाय. चोर पाता मुळात घालता आणि अख्खा काढता. ओरखडोपण उठणा नाय. ह्या कोणीतरी आकडी लावन नुसता ओढल्यान. त्येका काय धरूचा काय नाय ता ठावकच नव्हता. आणि चोर पिल्लां असताना येणा नाय. त्येच्या आधी येता, घरटा कोरा असताना."

चौगुले साहेब त्यांच्याकडे जरा वेळ बघत राहिले.

"तुम्हाला बरीच माहिती आहे," ते म्हणाले.

मागून कोणीतरी हसलं. एकजण हसला म्हणून आणखी दोघे-तिघे हसले. बुधाकाका परत मागे सरले. मला वाटतं, त्या हसण्यानंच सगळा निकाल लागला. साहेबांच्या माणसांनी त्यांच्या घरी जाऊन ते जुनं पातं आणलं, पंचनाम्यात लिहिलं. त्या शेडमधल्या प्रत्येक माणसाला ते पातं माहीत होतं, मी शंभर पाहुण्यांसमोर त्यांना ते दाखवायला लावलं होतं. तरी कागदावर ते 'आरोपीच्या घरातून हस्तगत' असं झालं.

त्यांचं काम गेलं. गुन्हा नोंदला गेला. चार वर्षं ते तालुक्याला तारखांना जात राहिले. सकाळच्या एसटीनं जायचे, संध्याकाळच्या एसटीनं परत. मी थांब्यावर दिसले की ते मान खाली घालत नसत, वळूनही जात नसत. "काय गो बाय, बरी मा?" असं विचारत. मी "बरी" म्हणायची. शेवटी पुरावा नाही म्हणून कोर्टानं त्यांना सोडलं. पण गावानं तोवर पक्कं केलं होतं. चोर तो चोरच, असं बायका विहिरीवर बोलत आणि मी कळशी भरून निघून येत असे. त्यांच्याकडे मोलमजुरीला कोणी बोलवेना. सुटल्यावर महिन्याभरात ते घराला कुलूप लावून पेडण्याला मुलीकडे गेले.

इकडे लेलेंचे गट आले. त्यांचे गट बोयापाशी थांबत. मग त्यांचं बघून दुसऱ्या कंपन्या आल्या, गावात बोटी वाढल्या आणि त्या थांबेनात. राखणदाराच्या जागी खात्यानं लांबच्या गावचा एक माणूस नेमला, त्याला पोहता येत नव्हतं. जाळीचं दार दोन पावसाळ्यांत गंजून गळून पडलं. मी बैठका घेतल्या, फलक लावले, बोटवाल्यांशी भांडले. उमेशदादाशीही भांडले. त्याच्या तेव्हा तीन बोटी झाल्या होत्या. ते सगळे मला मान द्यायचे आणि बोट आत न्यायचे. "तुमीच पयल्यांदा नेलास मा," असं मला कोणी म्हणू शकत नव्हतं, कारण ते कुणाला माहीतच नव्हतं. तरी दर वेळी बोलताना मला ते कोणीतरी म्हणेल असं वाटायचं आणि मी बोलणं आवरतं घ्यायची.

दरम्यान आमच्या गटाला पर्यावरणपूरक पर्यटनाचा एक पुरस्कार मिळाला. गटाच्या बायका नवीन साड्या नेसून तो घ्यायला गेल्या. मीही गेले. भाषण केलं.

मी घरटी दर वर्षी मोजत होते. काकांनी शिकवलं तशीच, कपारीकपारीनं. दोनशेची दीडशे झाली, मग नव्वद, मग चाळीस. एका वर्षी एकदम अकरा. गेल्या मे महिन्यात दोन होती. दहा दिवसांनी गेले तेव्हा तीही रिकामी होती आणि गुहेत टकटक आवाज नव्हता. मी टॉर्च बंद करून बराच वेळ उभी राहिले. नुसतं पाणी हलत होतं. भिंतीवर बोटींतून आलेल्या लोकांनी रंगानं आपापली नावं लिहिली होती.

त्या आठवड्यात मी पेडण्याला गेले.

काकांची मुलगी मंगल मला बघून दारातच थांबली. मग तिनं ओसरीवर चटई टाकली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि आत गेली. काका खांबाला टेकून बसले होते. खूपच उतरले होते. एका डोळ्यात फूल पडलं होतं. मला त्यांनी आवाजावरून ओळखलं.

"दर्शना मा? बस."

मी वाटेत सगळं पाठ करून आले होते. ते तसंच्या तसं बोलले. लेले, पाच मिनिटं, ड्रोन, बांबू माझ्या हातात होता ते, साहेबांपुढे मी 'नाही' म्हणाले ते. मधे थांबले नाही, रडले नाही. रडायचं नाही असं ठरवलंच होतं. बोलता बोलता आतला भांड्यांचा आवाज थांबल्याचं माझ्या लक्षात आलं. मंगल ऐकत होती.

माझं संपल्यावर काका म्हणाले, "माका तेव्हाच म्हायत होता. चावये दोनच."

"मग तुम्ही माझं नाव का नाही घेतलंत?"

"माझ्या तोंडचा नाव कोण ऐकतलो होतो? मी सांगूचा ता सांगितलंय, हसले सगळे." त्यांनी हातानं तो विषय बाजूला सारल्यासारखं केलं. "तू बोलशीत असा वाटलेला माका. त्या दिवशी नाय तर मागसून. पावसाआधी तरी."

"मी घाबरले, काका. गावाचं सगळं बंद होईल म्हणून."

"व्हय. झाला असता."

मग त्यांनी विचारलं, "औंदा किती घरटी आसत?"

एवढंच मी पाठ केलं नव्हतं.

"एकही नाही," मी म्हणाले.

"औंदा उशिरा बसली असतील."

"नाही काका. दोन होती, ती गेली. पाखरंच नाहीत आता. सांजेलासुद्धा आत येत नाहीत."

त्यांनी चांगला डोळा माझ्याकडे वळवला. मी खोटं बोलत नाही ना, हे ते बघत असावेत. मग त्यांचे ओठ हलायला लागले, आणि मला वाटलं ते देवाचं काही म्हणतायत. पण ते आकडे होते. एकेक कपार घेऊन ते मोजत होते. वरची डावी, दाराजवळची, मागची लांब. कुठे किती असायची ते. मोजून झाल्यावर त्यांनी मांडीवरचे हात उलटे केले.

"तेव्हा बोलली असतंस तर दोन-तीन वर्सां वाट बंद झाली असती," ते म्हणाले. "गावाचे हाल झाले असते. माझे काय, झालेच. पण पाखरां रवली असती."

"हो."

"मगे आता कशाक सांगूक इलंस?"

ते रागावून विचारत नव्हते. त्यांना खरंच कळत नव्हतं. त्यांची बदनामी पुसली जावी, साहेबांना पत्र लिहीन, गावात सांगेन, असं काहीतरी मी बोलले असेन. त्यांनी ते ऐकलं की नाही, ठाऊक नाही. त्यांनी खांबाचा आधार घेतला, उठले, भिंतीला हात लावत लावत आत गेले आणि आतून खाट करकरल्याचा आवाज आला.

मंगल बाहेर आली. तिनं मी न प्यायलेला तांब्या उचलला.

"सावंतवाडीची गाडी साडेचारला आसा," ती म्हणाली. "आता निघालात तर मिळतली."